कोॲसर्व्हेटला ‘साका’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: विरुद्ध प्रभारांची दोन बहुवारिके (पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू) पाण्यात एकत्र आली की जे वेगळं होऊन तळाशी जातं, त्याला इंग्रजीत ‘कॉम्प्लेक्स कोॲसर्व्हेट’ म्हणतात. भाषांतरात ‘जटिल साका’ लिहिलं तर चालेल का?

‘जटिल’ राहू द्या, ‘साका’ नको. साका (प्रेसिपिटेट) हा घन असतो: गाळला तर कागदावर राहतो, हलवला तर कण उठतात. कोॲसर्व्हेट हा द्रव आहे. हे नाव १९२९ साली बुंगेनबर्ग डी याँग आणि क्रॉइट या डच रसायनज्ञांनी दिलं, लॅटिनमधल्या ‘रास’ या अर्थाच्या शब्दावरून. त्यांना साक्यापासून वेगळं काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून तर नवा शब्द घडवावा लागला. आपण तो पुन्हा साक्यात बुडवला तर सगळं मुसळ केरात.

फरक डोळ्यांनी पाहता येतो. टाइप बी जिलेटिन (चुन्याच्या प्रक्रियेने काढलेलं) आणि अरबी डिंक, दोघांची १-१ टक्क्याची द्रावणं ४५ अंश सेल्सियसला वेगवेगळी करा. दोन्ही सारखी मिसळली तरी काही घडत नाही, कारण तेव्हा दोघांवरही ऋण प्रभार असतो. आता ढवळत ढवळत पातळ ॲसेटिक आम्ल थेंबाथेंबाने सोडा. सामू (pH) ५ च्या खाली उतरला की जिलेटिन धन होतं, आणि ४ च्या आसपास मिश्रण दुधासारखं पांढरं होतं. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा: गोल गोल थेंब दिसतात, दोन भेटले की मिळून एक होतात. फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारख्या वेड्यावाकड्या गुठळ्या दिसल्या असत्या तर तो साका. भांडं गरमच ठेवलं तर काही वेळाने तळाशी मधासारखा थर जमतो. थंड होऊ दिलं तर जिलेटिन गोठतं आणि थेंब एकमेकांत मिसळायचे थांबतात. पुष्कळदा ‘साका’ ही चुकीची नोंद इथेच होते.

विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, हे कारण अपुरं आहे. प्रत्येक साखळीभोवती बारीक आयन, म्हणजे प्रभार असलेले छोटे कण, अडकलेले असतात. साखळ्या बिलगल्या की ते मोकळे सुटतात, आणि या मोकळिकीचा वाटा फार मोठा. म्हणून १०० मिलीमध्ये ग्रॅमभर मीठ टाकलं की पाण्यात आधीच आयनांची गर्दी होते, सुटण्यातला फायदा संपतो आणि दुधी रंग निवळतो. सामू फार खाली नेला तरी तेच, कारण मग डिंकाचाच प्रभार जातो.

‘जटिल’ इथे दोन कारणांनी बसतो. एकच बहुवारिक मद्यार्काने किंवा क्षाराने वेगळं काढलं तर ते ‘साधं’, दोघांच्या जोडीतून झालं तर ‘जटिल’. शिवाय शब्दात जटा आहेतच, आणि साखळ्या खरोखर तशाच गुंततात.

मग नाम कोणतं? मी ‘दाट द्रव’ लिहीन, आणि त्याच्या वर उरणाऱ्या पाण्याच्या थराला ‘विरळ द्रव’. ‘घनद्रव’ कानाला बरा वाटतो, पण विज्ञानात घन म्हणजे सॉलिड, म्हणजे पुन्हा तोच घोळ. पहिल्या उल्लेखात ‘कोॲसर्व्हेट’ द्यावं, पुढे ‘दाट द्रव’ पुरे.

साका शब्दाची गरज याच विषयात इतरत्र पडते. पॉलिस्टायरीन सल्फोनेट आणि पॉलिडायअलिलडायमिथाइलअमोनियम या विरुद्ध प्रभारांच्या बहुवारिकांची जोडी मीठ नसलेल्या पाण्यात पांढरा घन साका देते. पोटॅशियम ब्रोमाइड हा क्षार वाढवत नेला की साक्याचा दाट द्रव होतो, आणखी वाढवलं की सगळं एकजीव. तिन्ही टप्प्यांना आपल्याकडे तीन शब्द आहेत. गढूळ पाण्याच्या भांड्यात निवळीची बी घासतात तिथेही साकाच म्हणावं: बीतली बहुशर्करा (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) मातीचे कण जोडून त्यांचे पुंजके करते, आणि तळाशी बसते ती माती.