जिभेखालची गोळी की खालून ठेवलेली?

प्रश्न: मी 31 वर्षांची, कराडजवळच्या गावात राहते. मुलगी दीड वर्षाची, सिझेरियनची. आता दहावा आठवडा लागलाय आणि हे मूल ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलंय. डॉक्टर म्हणाल्या, सकाळी दोन गोळ्या जिभेखाली ठेवू आणि मग दीड-दोन तासांनी पिशवी साफ करू. माझ्या जावेला गोळ्या खालून ठेवल्या होत्या. आत्याला फार वर्षांपूर्वी इंजेक्शन दिलेलं, ती उलट्यांनी बेजार झाली होती. मला दमा आहे. यातलं चांगलं कुठलं? आणि मिस्टरांची सही लागते का?

उत्तर: तुमच्या आत्याचं वाचून मला आमच्या वॉर्डातला बर्फाचा थर्मॉस आठवला. ते इंजेक्शन बहुधा कार्बोप्रोस्टचं असणार. ते थंडच ठेवावं लागतं, त्यामुळे लाइट गेली की सिस्टरांची पळापळ. त्यानं पिशवीचं तोंड मऊ व्हायचं खरं, पण उलट्या-जुलाब इतके की बाईला बेडपॅनवरून उठवायचं कसं हाच प्रश्न. शिवाय त्यानं श्वासनलिका आवळतात. दम्याच्या पेशंटला ते आम्ही टाळतोच, म्हणजे तुमच्यासाठी ते बाद.

मुळात तोंड मऊ करायचं कशासाठी? आधी काही न देता आम्ही तोंड रुंद करायच्या हेगरच्या धातूच्या सळया एकेक नंबर वाढवत घालायचो. तोंड घट्ट असलं की जोर लावावा लागे, आणि जोर लावला की फाटण्याची, क्वचित पिशवीला छिद्र पडण्याची भीती. तुमचं सिझेरियन कळा यायच्या आधीच झालं असेल, तर तोंड अजून कधी नीट उघडलेलंच नाही. तुमच्या डॉक्टरांनी गोळ्या सुचवल्या ते योग्यच केलं.

या गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या. मूळची अ‍ॅसिडिटी-अल्सरसाठी निघालेली, फ्रिज न लागणारी, स्वस्त गोळी. 200 मायक्रोग्रॅमच्या दोन म्हणजे 400. दम्याला ती चालते आणि इतक्या लवकरच्या आठवड्यांत सिझेरियनच्या जुन्या शिवणीलाही. जिभेखाली ठेवली की औषध रक्तात पटकन चढतं, म्हणून एक-दोन तास पुरतात. पण थंडी वाजणं, तोंडाला खडूसारखी चव, एखादा जुलाब, हे जास्त. खालून ठेवली तर दोन-तीन तास थांबायचं, हुडहुडी कमी. पिशवीचं तोंड दोन्हींनी मऊ होतं. तपासणीची लाज वाटणाऱ्या बायका जिभेखालची मागतात, चव नको असणाऱ्या खालची.

आणखी एक पर्याय म्हणजे मिफेप्रिस्टोनची गोळी, 200 मिलिग्रॅम. पिशवीचं तोंड छान मऊ करते, पण 24 ते 48 तास आधी घ्यावी लागते. म्हणजे गावाहून एक खेप जास्त. दीड वर्षाचं लेकरू घरी असताना मी तरी तुम्हाला ती सुचवणार नाही.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. मिसोप्रोस्टॉलच्या या दोन गोळ्या घरीच घेऊन मग एसटीत बसू नका. कळा आणि रक्तस्राव वाटेतच सुरू होऊ शकतो. आणि ‘गोळ्या घेतल्याच आहेत, आता सफाईची काय गरज’ असंही करू नका. हा डोस तोंड मऊ करायचा आहे, पिशवी रिकामी करायचा नव्हे. गर्भ राहिला तर त्याला या औषधानं व्यंग येऊ शकतं. मेडिकलमधून मिळणारं गर्भपाताचं किट वेगळं, त्याला आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच मान्यता आहे, आणि तुमचे नऊ उलटले.

सहीचं म्हणाल तर कायद्याला फक्त तुमची संमती लागते. सज्ञान बाईच्या बाबतीत नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. मिस्टरांना न्या ते संध्याकाळी घरी परतताना सोबत म्हणून. आणि दम्याचा पंप घरी न विसरता पर्समध्ये ठेवा, आत जाण्याआधी सिस्टरना दाखवा.