'वीरगळ'मधला गळ म्हणजे गळा नव्हे

प्रश्न नागपूरच्याच एका वाचकांचा आहे. वस्तीतल्या जवानाला सीमेवर वीरमरण आलं. त्याच्या नावाचा ग्रॅनाइटचा दगड चौकात बसवायचा आहे. पत्रिकेवर 'वीरगळीचे अनावरण' छापावं का, आणि वीरगळ 'तो' की 'ती'?

लिंगाचं आधी उरकतो. दोन्ही चालतं, मी 'ती वीरगळ, त्या वीरगळी' म्हणतो. नुसतं नाव कोरलेल्या दगडाला मात्र वीरगळ म्हणू नये. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीरासाठी उभारलेली कोरीव शिळा. तिच्यावर गोष्ट कोरलेली असते आणि ती खालून वर वाचायची. तळाला पडलेला वीर, त्यावर लढाई (पुष्कळदा गायी सोडवण्यासाठीची), मग त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तुमच्या दगडाला 'स्मृतिशिला' हा चांगला शब्द आहे. 'समाधी' मुळीच नको.

आता जे ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आहे त्याकडे येतो. 'वीराने गळा दिला म्हणून वीरगळ' किंवा 'वीर गळाला, म्हणजे पडला, म्हणून वीरगळ' असं व्याख्यानांत बिनदिक्कत सांगितलं जातं आणि लोक माना डोलावतात. साफ चूक. कन्नडमध्ये दगडाला 'कल्', आजच्या बोलीत 'कल्लु'. समासात पुढच्या पदाच्या आरंभीच्या 'क'चा 'ग' होतो. 'मळे' म्हणजे पाऊस, त्याला 'काल' जोडला की 'मळेगाल', म्हणजे पावसाळा. तसाच वीर आणि कल् मिळून 'वीरगल्'. वीराचा दगड, बस्स.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो. कन्नडात 'ल' आहे, म्हणून मराठीतही 'वीरगल'च शुद्ध, असा त्यांचा आग्रह. या मंडळींना कन्नड कळतं, मराठी कळत नाही. शब्द मराठीत मुरला की दोन स्वरांमधला एकटा 'ल' आपल्याकडे 'ळ' होतो: फल-फळ, जल-जळ, काल-काळ. जोड 'ल्ल' असेल तर मात्र 'ल' टिकतो. संस्कृत 'कल्य'चं प्राकृतात 'कल्ल' झालं आणि आपण आजही 'काल' म्हणतो, 'काळ' नाही. मग 'वीरगळ'मध्ये 'ळ' आला कुठून? 'कल्लु'पासून आला असता तर 'ल' राहिला असता. म्हणजे आपण शब्द उचलला तो एकेरी 'ल'चा, जुन्या कन्नडमधला 'कल्'. माझ्या मते हा 'ळ' म्हणजे शब्दाच्या वयाचा दाखलाच आहे, आणि शुद्धीच्या नावाखाली तो पुसायला निघालेत!

आणि 'कल' हा दूरदेशीचा पाहुणा आहे असं नागपूरकरांनी तरी समजू नये. गोंडीही द्रविड कुळातलीच. बस्तरचे माडिया आपल्या मृतांसाठी उभा धोंडा रोवतात, त्याला 'उरसकल' म्हणतात. त्यातला 'कल' तोच, दगड. ते धोंडे केवळ लढवय्यांचे नसतात, त्यामुळे उरसकल म्हणजे वीरगळ असं मी म्हणणार नाही. पण गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेल्या शहरात बसून 'गळ'चा अर्थ गळ्यात शोधावा, हे मला सोसत नाही.

राष्ट्रकूटांच्या काळात कन्नड मुलूख आणि विदर्भ एकाच छत्राखाली होते, हेही विसरलं जातं. वर्ध्याजवळच्या देवळीचा ताम्रपट इ.स. 940चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या वेळचा. त्यात 'नागपूर-नंदिवर्धन' या विषयातल्या, म्हणजे प्रांतातल्या, गावाचं दान आहे. नागपूर हे नाव सापडतं ते सगळ्यात आधी इथेच. याच कृष्णाचं नाव कर्नाटकात मंड्याजवळच्या आतकूरच्या वीरगळीवर आहे, इ.स. 949-50च्या सुमाराचं. तक्कोलमच्या लढाईत चोळ राजादित्य पडला, त्याची हकिकत तिच्यावर आहे. त्या लढाईत कृष्णाच्या बाजूने लढलेला गंग राजा बूतुग आपल्या मणलेर नावाच्या वीरावर खूश झाला आणि म्हणाला, हवं ते माग. त्याने मागितलं काय, तर राजाचा काळी नावाचा कुत्रा! पुढे तो कुत्रा एका प्रचंड रानडुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. दगड उभा राहिला तो त्या कुत्र्यासाठी, वर जमीनही नेमून दिली. ती शिळा आज बंगळुरूच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे.