रेव्ह लिमिटर (इंजिनाला ठरावीक वेगापुढे फिरू न देणारी व्यवस्था) काढला तर साध्या कारचं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत, जाईल का? मुळात ते अडतं कशामुळे?

लिमिटर काढू नका. काटा थोडा पुढे जाईल, पण ताकद वाढणार नाही आणि इंजिनाचा जीव मात्र धोक्यात येईल.

इंजिन अडण्याचं कारण म्हणून बहुतेकजण पिस्टनचा वेग सांगतात. उदाहरण घेऊ. मागच्या पिढीतल्या स्विफ्टच्या १.२ लिटर इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, ७१.५ मिमी. ६,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग होतो सेकंदाला १४.३ मीटर. होंडा एस२००० या स्पोर्ट्स कारचा स्ट्रोक ८४ मिमी, म्हणजे जास्तच, तरी ते इंजिन ९,००० पर्यंत फिरतं आणि २५ मीटरच्या वर जातं. मग स्विफ्ट ६,००० च्या आसपासच का दमते?

कारण तिथे हवाच पुरत नाही. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि पोर्ट (हवेच्या वाटा) शहरातल्या दोन-तीन हजार आरपीएमच्या चालीसाठी बेतलेले असतात. वर गेल्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो तो वेळ इतका कमी पडतो की सिलिंडर नीट भरतच नाही, टॉर्क (फिरवण्याचा जोर) घसरतो. होंडाने आपल्या व्हीटेक या व्हॉल्व्ह यंत्रणेत वरच्या आरपीएमसाठी वेगळा, उंच कॅम लोब (कॅमवरचा उंचवटा) दिला तो याचसाठी.

दुसरी अडचण व्हॉल्व्ह स्प्रिंगची. ९,००० ला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो. साधी स्प्रिंग त्याला वेळेत बसवू शकत नाही, व्हॉल्व्ह तरंगतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला भेटतो. पाचव्या गिअरमधून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडलेल्या एका गाडीचं हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवलेलं मी पाहिलंय: चार व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे ठसे. तिचा लिमिटर शाबूत होता. तो फक्त इंधन तोडतो, चाकांनीच जोरात फिरवलेल्या इंजिनाला थांबवू शकत नाही.

पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण तर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६,००० वरून ९,००० म्हणजे दीडपट फिरणं, पण ताण सव्वादोन पट! रॉड बहुधा तुटतो तो पिस्टन वरच्या टोकाला, एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, थांबून परत फिरताना, कारण तेव्हा त्याला वरून दाबून धरणारा वायूचा दाब नसतो.

खरंच वर फिरवायचं असेल तर आधी कॅम, स्प्रिंग आणि हेडचं काम, मग रॉड आणि रॉड बोल्ट, त्याबरोबर ऑइल पंप. लिमिटर सगळ्यात शेवटी, ट्यूनिंग करताना.