आरशातला चेहरा परका वाटतो तेव्हा

‘आरशातला चेहरा माझाच आहे हे मला कळते, पण तो माझा वाटत नाही, मला वेड तर लागत नाही ना?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणाऱ्या अनेकांनी आधीच रात्री जागून इंटरनेटवर शोध घेतलेला असतो आणि ‘स्किझोफ्रेनिया’ या नावाची धास्तीही घेतलेली असते.

अशाच एका तरुणाची ही हकीकत (तपशील बदलले आहेत). तो हिंजवडीतील एका कंपनीचे काम पुण्यातल्या एका खोलीतून, अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री करत असे. ऑनलाइन बैठकीत पलंग कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून पाठीमागे ऑफिसचे कृत्रिम चित्र लावलेले असे आणि हात हलवला की बोटांच्या कडा त्या चित्रात विरून जात. बैठक संपल्यावर खोली काचेपलीकडची वाटू लागे. मग तो मोबाइलचा कॅमेरा उघडून स्वतःचा चेहरा तपासत बसे; माझ्याशी बोलतानाही त्याने तसे केले.

स्वतःपासून किंवा भोवतालच्या जगापासून तुटल्यासारखे वाटण्याच्या या अनुभवाला डीपर्सनलायझेशन-डीरिअलायझेशन म्हणतात. थोड्या वेळापुरता तो पुष्कळांना येतो. त्याचा टिकून राहणारा किंवा पुन्हापुन्हा उद्भवणारा विकार मात्र साधारण १ ते २ टक्के लोकांतच आढळतो. जग बदललेले नाही, आपली जाणीव बदलली आहे, हे भान अशा व्यक्तीला असते आणि सायकोसिसपासूनचा, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याच्या अवस्थेपासूनचा, मुख्य फरक तोच आहे. तरीही गांजा, अपस्मार (फिट येणे), मायग्रेन अशी कारणे वगळण्यासाठी मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

पालक सगळे खापर मोबाइलवर फोडत होते, ते मला पटले नाही. मुळाशी अपुरी झोप आणि चिंता होती. तंत्रज्ञानाने घर आणि कचेरी यांच्यामधला रस्ता तेवढा पुसून टाकला होता आणि तासन्‌तास स्वतःकडे बाहेरून पाहण्याची सवय लावली होती. म्हणून बैठकीत पडद्यावर दिसणारी स्वतःची चौकट लपवणे, टेबल पलंगापासून हलवणे आणि काम संपल्यावर दूध आणायला पायी जाणे एवढ्यावर सुरुवात केली. चेहरा तपासण्याची ऊर्मी लांबवणे सर्वांत अवघड गेले, कारण तपासल्याने क्षणभर हायसे वाटे आणि भीती दुप्पट होऊन परते. काही आठवड्यांनी परकेपणा अधूनमधून येतच होता, पण तो आला तरी काम थांबत नव्हते.

आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपले विचार चालवते अशी खात्री वाटणे किंवा जीव द्यावासा वाटणे, यांपैकी काही असेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.