पिशवी किती उंच, वाट किती मोकळी

प्रश्न : माझ्या बाबांची (वय ७३) प्रोस्टेटची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून व्हायची आहे. ती चालू असताना आत सतत सलाईन सोडतात, असे डॉक्टरांनी सांगितले. शेजारच्या एका काकांना काही वर्षांपूर्वी अशाच शस्त्रक्रियेनंतर ‘पाणी रक्तात गेले’ म्हणून आयसीयूमध्ये ठेवावे लागले होते. एवढे पाणी का सोडतात आणि त्याच्या दाबावर लक्ष कसे ठेवतात?
— एक वाचक, चोडण

उत्तर : ग्रंथीचा वाढलेला भाग कापताना येणारे रक्त धुऊन निघाले नाही, तर दुर्बिणीसमोर क्षणात सगळे लाल होते, म्हणून हे पाणी लागते. ते बहुधा स्टँडवरच्या पिशवीतून केवळ उंचीच्या जोरावर येते. पिशवी रुग्णाच्या ओटीपोटापेक्षा ६० सेंटिमीटर उंच असेल आणि पाण्याची बाहेर पडण्याची वाट तुंबली, तर मूत्राशयातला दाब पाऱ्याच्या सुमारे ४४ मिलिमीटरपर्यंत चढू शकतो. प्रोस्टेटभोवतीच्या शिरांमधला दाब याहून पुष्कळ कमी असतो, आणि कापताना त्याच शिरांची तोंडे उघडी पडतात. आपण चोडणचे, तेव्हा खाजनातली (गोव्यातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, आपण पाहिलीच असेल. भरतीचे पाणी चढले की तिची दारे त्या दाबानेच मिटतात आणि शेत वाचते. शिरांच्या उघड्या तोंडांना अशी दारे नसतात.

आपल्या शेजाऱ्यांच्या बाबतीत बहुधा ग्लायसीन या अमिनो आम्लाचे, मीठ नसलेले द्रावण वापरले गेले असावे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे मोनोपोलर विजेच्या उपकरणाबरोबर मिठाचे पाणी चालत नाही, कारण त्यातून वीज इतरत्र पसरते, त्यामुळे १.५ टक्के ग्लायसीन वापरतात. ते जास्त प्रमाणात रक्तात गेले की सोडियम उतरते आणि रुग्ण अस्वस्थ होतो, त्याला मळमळते, अंधूक दिसते, तो असंबद्ध बोलू लागतो. कण्यात भूल दिलेली असेल तर रुग्ण जागा असतो आणि ही लक्षणे भूलतज्ज्ञांच्या लगेच ध्यानात येतात. बायपोलर उपकरण (ज्यात वीज उपकरणाच्या टोकापाशीच फिरते) किंवा लेसर असेल तर साधे सलाईन चालते आणि सोडियम असे घसरण्याची भीती जवळजवळ राहत नाही. तरीही रक्तात गेलेल्या पाण्याचा भार हृदयावर पडतोच, म्हणून बाबांना हृदयाचा त्रास असल्यास तो आधीच सांगावा.

दृश्य गढूळ झाले की पिशवी आणखी वर चढवावी, असा मोह होतो. मला तो धोक्याचा वाटतो, कारण प्रवाह आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवीची उंची दुप्पट केली की दाबाची कमाल मर्यादाही दुप्पट होते. उलट, शांत प्रवाहात नळीची त्रिज्या केवळ एक पंचमांशाने वाढवली तरी त्याच उंचीवरून जवळपास दुप्पट पाणी वाहते. त्याहून महत्त्वाची आहे ती बाहेर पडण्याची वाट. १९७५ साली होसे इग्लेसियास यांनी एकात एक दोन नळ्या असलेला रेझेक्टोस्कोप (ग्रंथी कापण्याची दुर्बीण) मांडला; त्यात आतल्या नळीने पाणी येते, बाहेरच्या नळीने त्याच वेळी निघून जाते आणि मूत्राशय तुडुंब भरत नाही. बाहेरच्या नळीची बारीक छिद्रे मांसाच्या तुकड्याने बुजली, तर मात्र हा फायदा संपतो.

शस्त्रक्रियागृहात सहज निसटणारी एक बाब म्हणजे टेबल. शल्यविशारदांच्या सोयीसाठी ते मध्येच दहा सेंटिमीटर खाली घेतले आणि स्टँड तसाच राहिला, तर पिशवीला कोणी हात न लावताही ती तेवढी उंच झालेली असते. म्हणून उंची दर वेळी रुग्णापासून मोजावी लागते. शिवाय किती लिटर आत गेले आणि बादलीत किती परत आले, याचा हिशेब सिस्टरनी मोठ्याने सांगत राहायचा असतो. परत आलेले पाणी कमी भरू लागले की हात आवरता घेता येतो.

शस्त्रक्रियेनंतरही एक-दोन दिवस तीन तोंडांच्या कॅथेटरमधून सलाईन चालू ठेवतात, आणि तिथे आपली नजर उपयोगी पडेल. वरची पिशवी रिकामी होत आहे पण खालची भरत नाही, आणि बाबांचे ओटीपोट ताठरून दुखू लागले आहे, असे दिसल्यास गुठळी अडकलेली असू शकते. अशा वेळी सिस्टरना तत्काळ बोलावून वरचा प्रवाह बंद करायला सांगावे.