फायबरचा मोडेम घेताय? आधी हे विचारा
अरे थांब, ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून लगेच ऑर्डर नको टाकू. आधी केबलवाल्याला फोन करून विचार, लाइन जीपॉन आहे की इपॉन (फायबरवरून नेट द्यायच्या दोन वेगळ्या पद्धती), कारण एकाचा मोडेम दुसऱ्यावर चालतच नाही, आणि त्याला सांगता नाही आलं (बऱ्याच जणांना नाही येत) तर सरळ एक्सपॉन लिहिलेला घे, तो दोन्हीवर चालतो. जुना फोनच्या वायरीवाला एडीएसएल मोडेम विसर. नवीन बॉक्सचा सिरियल नंबर किंवा मॅक (बॉक्सचा ओळख-नंबर) त्यांच्या सिस्टीमला चढवावा लागतो, ते करून देणार का हे पैसे भरायच्या आधीच क्लिअर कर नाहीतर नेटशिवाय बसशील. आणि हो, २०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची जागा) गिगाबिटच, म्हणजे १००० एमबीपीएसचा बघ, स्वस्तातले बरेचसे १०० वरच अडकतात. पीपीपीओईचा (नेटच्या लॉगिनचा) युजरनेम, पासवर्ड न् व्हीलॅन नंबरपण (मोडेमच्या सेटिंगमध्ये टाकायचा लाइनचा नंबर) त्याच फोनवर लिहून घे.