वाचकांचे प्रश्न : लांडग्याच्या वंशातले पिल्लू काय खाईल?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे असून नोकरीनिमित्त चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे राहतो. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग जातीचे मादी पिल्लू घरी आणले. ते आता अकरा आठवड्यांचे आहे. ‘ही लांडग्याची जात, हिला धान्याचा कणही देऊ नका, फक्त कच्चे मांस द्या’, असे देणाऱ्यांनी बजावल्यामुळे आम्ही तिला चिकनचे बोनलेस तुकडे कच्चेच देतो. सध्या सासूबाई येथे आल्या आहेत. त्या आमच्या नकळत दूध-पोळी कुस्करून घालतात आणि हाडे बळकट होण्यासाठी कॅल्शियमचे औषध सुरू करा, असेही सुचवतात. नेमके कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांपैकी कोणाचेच पूर्णपणे ऐकू नये, मात्र सर्वांत आधी बदलायला हवे ते बोनलेस चिकन. लांडगा नुसते मांस खात नाही, तो सावज खातो, म्हणजे मांसाबरोबर हाडे, काळीज आणि आतडीही त्याच्या पोटात जातात. हाडे काढून टाकलेल्या चिकनमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरापटींहून अधिक असतो, आणि वाढत्या पिल्लाला कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण १:१ ते १.६:१ असे, तेही कॅल्शियमच्या बाजूने झुकलेले लागते. हा तुटवडा भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढू लागते; त्यामुळे हाडे ठिसूळ होतात, पाय वाकतात आणि किरकोळ उडीनेही हाड मोडू शकते.

यावर उपाय म्हणून वरून कॅल्शियमचे औषध द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संतुलित खाद्यावर ते देणे तितकेच घातक ठरते, कारण सुमारे सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, आणि त्याने सांध्यांतील कूर्चेची व हाडांची वाढ बिघडते.

आता ‘लांडग्याची जात’ या मुद्द्याविषयी. ही जात १९५५ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात सुरू झालेल्या प्रयोगातून, जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगे यांच्या संकरातून घडली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यांत सहसा दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तेव्हा तिच्या आहारात मांस प्रधान असावे, हे देणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण शिजलेला थोडा भात किंवा बटाटा तिला विषासारखा नाही. तिच्या ताटाचा निर्णय लांडग्याच्या रक्तापेक्षा तिच्या झपाट्याने वाढणाऱ्या हाडांवर ठरवावा.

माझा सल्ला असा, की पहिले वर्षभर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य हाच मुख्य आहार ठेवावा. आपल्याकडील, म्हणजे चेक प्रजासत्ताकातील, पाकिटांवर चेक भाषेत ‘कोम्प्लेत्नी क्र्मिवो’, म्हणजे पूर्ण आहार, आणि ‘दोप्लन्कोवे क्र्मिवो’, म्हणजे पूरक आहार, असे दोन प्रकार छापलेले असतात; त्यांपैकी पहिलाच प्रकार घ्यावा, तोही पिल्लांसाठीचा असल्याची खात्री करून. कोरड्या खाद्यात कॅल्शियम साधारण १ ते १.५ टक्के असावे. प्रथिने जास्त झाल्याने सांधे बिघडतात, ही समजूत मात्र सोडून द्यावी. नुकसान करतात ते जादा कॅल्शियम आणि जादा वजन. सध्याच्या आहारावरून नव्यावर सात ते दहा दिवसांत, थोडे थोडे मिसळत यावे. दिवसातून चार वेळा, चार महिन्यांनंतर तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा खायला द्यावे, आणि पंधरा मिनिटांत जे उरेल ते उचलावे. दर आठवड्याला वजन करावे. बोटांनी हलकेच दाबल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, पण दुरून उठून दिसता कामा नयेत. ही मादी पूर्ण वाढल्यावर किमान २० किलोंची होते, ते वजन लवकर गाठण्याची घाई नको.

मांस द्यायचे तर चवीपुरते आणि शिजवून द्यावे. फ्रीजरमध्ये ठेवल्याने साल्मोनेलासारखे जिवाणू मरत नाहीत, आणि घरात वयस्कर माणूस असताना ही जोखीम केवळ पिल्लाची राहत नाही. कच्चे डुकराचे मांस आणि शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत.

सासूबाईंची माया समजण्यासारखी आहे, परंतु दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात आणि पोळीने पोट भरले की पोषक खाद्य तसेच राहते. त्यांना तीच मोजलेली वाटी तिच्यापुढे ठेवण्याचे काम सोपवावे. शिऱ्यातले बेदाणे, भाजीतला कांदा-लसूण आणि चॉकलेट तिच्या तोंडी लागणार नाही, याची मात्र घरातल्या प्रत्येकाने खबरदारी घ्यावी. हे पदार्थ कुत्र्यांसाठी विषारी आहेत.

तीन आठवडे बोनलेस चिकनवर गेलेले असल्याने या आठवड्यातच तिला पशुवैद्यांकडे नेऊन आहाराचा हा इतिहास सांगावा. ती लंगडत असेल, उठताना कुरकुरत असेल किंवा पुढचे पाय बाहेर वळलेले दिसत असतील, तर त्याच दिवशी न्यावे आणि तोवर तिला जिन्यावरून चढू-उतरू देऊ नये.